सही करण्यापूर्वी ‘लवादा’चं कलम वाचलंत का?

‘शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण आपण माहेरी ऐकली, सासरी ऐकली आणि आता मुलांनाही ऐकवतो. वर्षानुवर्षं पडणाऱ्या तारखा, वकिलांच्या फिया, कामावर पडणारे खाडे हे सगळं पाहिलेल्या माणसाला ती पटतेच. पण मैत्रिणींनो, ही पायरी आपण चढणार नाही असं आपल्याच सहीनिशी लिहून दिलेलं असलं आणि आपल्याला त्याचा पत्ताच नसला तर?

ही गोष्ट वाटते तितकी दूरची नाही. वरळीत नाक्यापासून सी फेसपर्यंत कुठल्याही गल्लीत चार बायका एकत्र आल्या की विषय एकच असतो, ‘तुमची बिल्डिंग कधी खाली करायची?’ जांबोरी मैदानाच्या आसपासच्या बीडीडी चाळी शंभर वर्षांच्या झाल्या. तिथे १६० चौरस फुटांच्या एका खोलीत तीन-तीन पिढ्यांनी संसार केले. १४ ऑगस्ट २०२५ रोजी तिथल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या, तेव्हा साऱ्या वरळीला आनंद झाला. तिथे घर बांधून देणारी संस्था म्हाडा आहे. पण आजूबाजूच्या सहकारी सोसायट्यांचं तसं नाही. तिथे सोसायटीचा आणि खाजगी बिल्डरचा करार होतो. साठ-सत्तर पानांचा आणि बहुधा इंग्रजीत.

सेक्रेटरी घरी येतात, चहा होतो, ‘वहिनी, इथे, इथे आणि इथे’ म्हणून पेन्सिलीची फुली दाखवतात आणि सह्या होतात. खोल्या किती, ओटा कुठे, बाल्कनी मिळणार की नाही, भाडं किती देणार, हे आपण बारकाईनं विचारतो. शेवटच्या पाच-सहा पानांकडे मात्र कुणी पाहत नाही. नेमकं तिथेच एक छोटं कलम असतं. त्याचा मराठीत अर्थ साधारण असा:

‘या करारातून किंवा करारासंबंधी काही वाद उत्पन्न झाल्यास तो लवादाकडे सोपवला जाईल. लवादाचा निर्णय अंतिम असेल व तो उभय पक्षांवर बंधनकारक राहील.’

या दोन ओळींत काय आहे ते आज समजून घेऊ.

लवाद म्हणजे कोण?

लवाद म्हणजे दोन्ही पक्षांनी मिळून नेमलेला खाजगी न्यायाधीश. तो निवृत्त न्यायमूर्ती असेल, वकील असेल, इंजिनीयर किंवा आर्किटेक्टही असेल. दोन्ही बाजूंचं म्हणणं आणि कागदपत्रं पाहून तो जो निकाल देतो त्याला ‘निवाडा’ म्हणतात. १९९६ च्या लवाद कायद्याप्रमाणे या निवाड्याची अंमलबजावणी दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखीच होते.

इथे एक गल्लत नेहमी होते. घरात भावाभावांचं बिनसलं की आपण म्हणतो, ‘मामांना मध्ये घालू.’ मामा दोघांना समजावतात, मधला मार्ग सुचवतात. तो पटला तर ठीक, नाही पटला तर कुणावर सक्ती नाही. हे झाले मध्यस्थ. लवादाचं तसं नाही. त्याचा निर्णय पटो वा न पटो, पाळावाच लागतो. मध्यस्थ सल्ला देतो, लवाद निकाल देतो. ‘आम्ही मामांवर सोडलंय’ असं नुसतं तोंडी म्हटल्यानं मामा कायद्याच्या दृष्टीनं लवाद होत नाहीत, कारण लवादाचा करार लेखीच लागतो. उलट, लेखी कलमावर सही झाली असेल तर ‘मला कुणी समजावून सांगितलं नव्हतं’ एवढ्या सबबीवर सुटका होणं कठीण.

आणि सही असूनही तुम्ही सरळ दिवाणी कोर्टात दावा लावलात तर? समोरच्यानं सुरुवातीलाच ते कलम पुढे केलं, तर कोर्ट तुम्हांला बहुधा लवादाचीच वाट दाखवतं. तोवर वकिलाची फी आणि काही महिने गेलेले असतात.

पंचांचा जुना ‘राजीनामा’

कोर्टाबाहेर तंटा मिटवणं आपल्याला नवं नाही. मराठेशाहीत गावचे तंटे गोतसभेपुढे, पंचायतीपुढे चालत. त्या काळची एक रीत आजही लक्षात घेण्यासारखी आहे. पंच बसण्याआधी वादी आणि प्रतिवादी दोघांकडून लिहून घेत की, आम्ही स्वखुशीनं या पंचांपुढे आलो आहोत आणि ते सांगतील ते मान्य करू. या कागदाला नाव होतं ‘राजीनामा’. आज राजीनामा म्हटलं की नोकरी सोडल्याचा कागद डोळ्यांपुढे येतो. तेव्हा तो राजीखुशीचा कागद होता. निकालाप्रमाणे वागण्याबद्दल जामीनही घेत. हरलेल्या पक्षाकडून हार कबूल केल्याचा कागद घेत, त्याला ‘यजितखत’ म्हणत.

इंग्रज आल्यावरही ही वाट बुजली नाही. एल्फिन्स्टनसाहेबांच्या अमदानीत १८२७ साली मुंबई इलाख्यासाठी जे कायदे झाले, त्यांत लवादासाठी वेगळा कायदा होता. पुढे पुण्यात सार्वजनिक काकांनी, म्हणजे गणेश वासुदेव जोशी यांनी, १८७० च्या दशकात लवाद कोर्ट सुरू केलं. सरकारी कोर्टांचा खर्च आणि खेटे वाचावेत, आपले तंटे आपल्या विश्वासाच्या माणसांनी मिटवावेत, हा त्यामागचा हेतू. न्यायमूर्ती रानड्यांचा त्याला पाठिंबा होता. त्यानंतर १८९९ आणि १९४० चे कायदे आले आणि शेवटी आजचा १९९६ चा.

हा इतिहास सांगितला तो एका फरकासाठी. जुना राजीनामा तंटा उभा राहिल्यावर लिहिला जाई. भांडण कशाचं, पंच कोण, समोरचा कसा, हे सगळं डोळ्यांपुढे असे आणि मग माणूस सही करी. आजचं लवादाचं कलम तंटा होण्याआधी लिहिलं जातं. तेव्हा बिल्डर हसतमुख असतो, कमिटी उत्साहात असते, नव्या घराचा नकाशा टेबलावर पसरलेला असतो. पुढे कशावरून वाजेल याची कल्पना नसताना, ते कुठे आणि कुणापुढे सोडवायचं हे आपण ठरवून टाकतो. शिवाय कलमाचा मसुदा तयार करतो समोरच्याचा वकील. म्हणून हे कलम बघून घ्यायची वेळ एकच, सही करण्यापूर्वीची.

लवादाचे फायदे

लवाद म्हणजे फसवणूक असं मात्र मुळीच समजू नका. नीट लिहिलेलं कलम सोसायटीच्याही फायद्याचं ठरतं.

पहिला फायदा वेळेचा. दोन्ही बाजूंची लेखी कैफियत सहा महिन्यांत पुरी व्हावी आणि त्यानंतर बारा महिन्यांत निवाडा व्हावा असं कायदा सांगतो. दोघांच्या संमतीनं आणखी सहा महिने वाढवता येतात. त्यापुढे मुदत हवी तर कोर्टाकडे जावं लागतं. आपल्या दिवाणी दाव्यांची चाल पाहिली की हा हिशोब बराच बरा वाटतो.

दुसरा फायदा जाणकारीचा. गळती, भिंतींच्या भेगा, चटई क्षेत्राचा हिशोब अशा वादात बांधकामातलं कळणारा लवाद नेमता येतो. तिसरा, सुनावणी बंद दाराआड होते. शिवाय दोघांच्या सोयीची वेळ ठरवता येते, म्हणून नोकरी करणाऱ्या कमिटी मेंबरांची रजा वाचते.

त्याची किंमत

आता दुसरी बाजू. सरकारी न्यायाधीशाचा पगार सरकार देतं. लवादाची फी तुम्हांला आणि समोरच्याला भरावी लागते.

कायद्याच्या चौथ्या परिशिष्टात फीचा नमुना दिला आहे. वाद ५ लाख रुपयांपर्यंतचा असेल तर ४५,००० रुपये. ५ लाखांच्या वर आणि २० लाखांपर्यंत असेल तर ४५,००० रुपये आणि ५ लाखांवरच्या रकमेच्या साडेतीन टक्के. लवाद एकटाच असेल तर त्यावर आणखी २५ टक्के.

उदाहरण घेऊ. समजा, बिल्डरनं दरमहा ७५,००० रुपये भाडं द्यायचं कबूल केलं आणि २४ महिने दिलंच नाही. थकले १८ लाख रुपये. या हिशोबानं मूळ फी ९०,५०० रुपये होते आणि एकटा लवाद असल्यास ती १,१३,१२५ रुपयांवर जाते. वकिलाची फी, बसायच्या जागेचं भाडं, टायपिंग हे सगळं वेगळं. फी सहसा दोघांत निम्मी-निम्मी वाटली जाते. पण समोरच्यानं आपला वाटा भरलाच नाही तर? मग तोही तुम्हांलाच भरून पुढे जावं लागतं, नाहीतर काम अडकतं. ज्याच्या घरचं भाडं थकलंय त्याच्याच खिशातून हे आधी जातं, हे विसरू नका.

हा दर नमुन्याचा आहे. करारात दोन्ही पक्ष वेगळा दरही ठरवू शकतात. मात्र लवादानं आपली फी एकतर्फी ठरवू नये, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२२ साली स्पष्ट केलं आहे. तेव्हा फीचा आकडा किंवा दर आधीच लिहून घेतलेला बरा.

दुसरी किंमत ‘अंतिम’ या शब्दाची. खालच्या कोर्टात हरलो तर वरच्या कोर्टात अपील, ही आपली सवय. निवाड्याविरुद्ध तसं अपील नसतं. तो रद्द करून मागता येतो, पण कारणं मोजकी असतात. लवाद पक्षपाती होता, तुम्हांला म्हणणं मांडायची संधीच मिळाली नाही, फसवणूक झाली, अशी. ‘लवादानं पुरावा चुकीचा वाचला’ एवढ्यावर कोर्ट सगळं प्रकरण पुन्हा उघडत नाही. आणि मुदत आहे तीन महिन्यांची. सबळ कारण असेल तर फार तर ३० दिवस जास्त, त्यानंतर एक दिवसही नाही.

कलमाला विचारायचे पाच प्रश्न

गव्हाचं पोतं घेताना आपण मूठभर दाणे हातावर घेऊन पाहतो ना? तसंच हे कलम पाहायचं. पाच प्रश्न विचारा आणि उत्तरं कागदावर शोधा.

एक, लवाद कोण नेमणार? सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न हाच. जुन्या करारांत ‘लवादाची नेमणूक विकासक करील’ असं सर्रास लिहिलेलं सापडतं. नवरीच्या मामानंच हुंड्याचा वाद सोडवावा, तसला हा प्रकार! निकालात ज्याचा स्वतःचा हितसंबंध आहे त्यानं एकट्यानं लवाद नेमू नये, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१९ साली सांगितलं. पक्षाचा नोकर, सल्लागार किंवा ज्याचे त्याच्याशी धंद्याचे संबंध आहेत असा माणूस लवाद होऊ शकत नाही, ही तरतूद २०१५ च्या दुरुस्तीनं कायद्यातच आली आहे. तरी जुना मसुदा तसाच उतरवला जातो, म्हणून डोळ्यांखालून घाला. ‘उभय पक्षांच्या संमतीनं’ हे शब्द हवेत. संमती झाली नाही तर हायकोर्टाकडून नेमणूक करून घेता येते.

दोन, लवाद कुठे बसणार? इमारत वरळीत, राहणारे वरळीत आणि लवादाचं ठिकाण बिल्डरच्या हेड ऑफिसच्या गावी, दिल्लीला किंवा अहमदाबादला, असं नको. ठरलेल्या ठिकाणावरून पुढे कोणत्या शहरातल्या कोर्टात जायचं हेही ठरतं. ‘मुंबई’ हा शब्द स्पष्ट असावा.

तीन, लवाद किती आणि भाषा कोणती? तीन लवाद म्हणजे खर्च साधारण तिप्पट. सोसायटीच्या वादाला बहुतेक वेळा एक पुरतो. कामकाजाची भाषाही ठरवता येते. सभासदांची पत्रं मराठीत असतील तर त्यांच्या भाषांतराचा खर्च कुणाकडे, हे लिहून घ्या.

चार, फी कोण भरणार? वर सांगितलंच. भाडं थकल्याचा वाद असेल तर सुरुवातीची फी विकासकानं भरावी, अशी अट घालून मागायला काय हरकत आहे? मागितलं तरच मिळतं.

पाच, वाद चालू असताना भाडं आणि काम चालू राहील का? ‘लवादाचं काम चालू असलं तरी दरमहा भाडं देणं थांबणार नाही’ हे एक वाक्य घरभाडं भरणाऱ्या कुटुंबाला केवढा आधार देतं!

करार कुणाचा, सोसायटीचा की तुमचा?

इथे पुष्कळ बायका गोंधळतात. पुनर्विकासाचा मुख्य करार सोसायटी आणि विकासक यांच्यात होतो. त्यातलं लवादाचं कलम वापरायचं तर मुख्यतः सोसायटीनं, म्हणजे कमिटीनं, पाऊल उचलायला हवं. कमिटी ढिम्म बसली तर एकटी सभासद काय करणार? म्हणून नव्या घराबद्दल प्रत्येक सभासदाचा विकासकाशी स्वतंत्र करार होतो, तो महत्त्वाचा. कायमस्वरूपी पर्यायी घराचा करार तो हाच. तो रजिस्टर झालेला असावा. त्यात घराचा नंबर, मजला, चटई क्षेत्र, भाड्याची रक्कम आणि ताब्याची मुदत असावी. आणि पाहा, त्यात तुमचं नाव आहे का? जुन्या शेअर सर्टिफिकेटवर यजमानांबरोबर तुमचंही नाव असेल तर ते नव्या करारात गळू देऊ नका. वाद निघाल्यावर ज्याची सही त्याचं म्हणणं आधी ऐकतात.

उलट बाजूही लक्षात ठेवा. ‘मी सही केलीच नाही, तर मला काय?’ असं म्हणून भागत नाही. सोसायटीनं रीतसर ठराव केला असेल तर विरोध करणाऱ्या सभासदालाही तो बांधतो, असं मुंबई उच्च न्यायालयानं २००९ साली पुनर्विकासाच्याच एका प्रकरणात म्हटलं. लवादाच्या करारावर त्या सभासदांच्या सह्या नव्हत्या, तरी जागा खाली करण्याबाबतचा तातडीचा आदेश त्यांना लागू झाला. तेव्हा घरी बसून सही नाकारण्यापेक्षा सर्वसाधारण सभेला जाऊन तोंड उघडणं शहाणपणाचं. राज्य सरकारच्या ४ जुलै २०१९ च्या नियमावलीत सभा कशी घ्यावी, किती सभासदांची संमती लागते, विकासकाकडून प्रकल्प खर्चाच्या २० टक्के बँक गॅरंटी कशी घ्यावी, हे सगळं दिलेलं आहे. सभेच्या नोटिशीबरोबर कराराचा मसुदा मागा. इंग्रजी मसुद्याचा मराठी गोषवारा मागणं हाही संकोचाचा विषय नाही. तुमचं घर आहे ते!

लवादाकडे न जाणाऱ्या गोष्टी

सही केली म्हणजे साऱ्या वाटा बंद झाल्या, असं नाही. काही हक्क कलमानं काढून घेता येत नाहीत.

घटस्फोट, मुलांचा ताबा, मृत्युपत्राचं प्रोबेट, भाडे नियंत्रण कायद्याखाली येणाऱ्या भाडेकरूला घराबाहेर काढणं आणि फौजदारी गुन्हा या गोष्टी खाजगी लवाद ठरवू शकत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०११ साली ही यादी स्पष्ट केली. ते प्रकरणही आपल्या मुंबईतल्याच नेपियन सी रोडवरच्या दोन फ्लॅटांवरून निघालं होतं. त्यामुळे कुणी नातेवाईक तुमच्यापुढे कागद ठेवून म्हणाले, ‘मुलं कुणाकडे राहायची ते आपले काका लवाद म्हणून ठरवतील,’ तर तो कागद लवादाचा निवाडा म्हणून उभा राहत नाही. समजुतीनं बोलणं वेगळं, निकाल वेगळा. वडिलांच्या घराची भावंडांत वाटणी कशी करायची, असला पैशाअडक्याचा वाद मात्र भावंडं लेखी करारानं लवादाकडे नेऊ शकतात. तिथे लवाद नेमताना तो भावाचाच मित्र नाही ना, हे बहिणीनं पाहावं.

बिल्डरकडून पैसे देऊन फ्लॅट विकत घेतला असेल, तर करारात लवादाचं कलम असूनही तुम्ही ग्राहक आयोगाकडे जाऊ शकता. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयानं यावर शिक्कामोर्तब केलं. तिथली फी भरलेल्या किमतीवर ठरते. ५ लाखांपर्यंत काहीच नाही आणि २० ते ५० लाखांपर्यंत १,००० रुपये. वरच्या १,१३,१२५ रुपयांशेजारी हा आकडा ठेवून पाहा! तक्रार दोन वर्षांच्या आत करायची, एवढं लक्षात ठेवा. महारेराकडे तक्रार करण्याचीही वाट आहे. सोसायटी आणि सभासद यांच्या आपसातल्या कारभाराच्या वादांसाठी सहकार न्यायालय आहे, त्याला बिल्डरच्या करारातलं कलम लागू होत नाही.

भांडण विकोपाला जाण्याआधी

लवाद, आयोग, कोर्ट या सगळ्यांच्या आधीही काही स्वस्त वाटा आहेत.

महारेरानं २०१८ साली सलोखा मंच सुरू केला. त्यात ग्राहकांच्या बाजूनं मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्थेचा आणि बिल्डरांच्या बाजूनं त्यांच्या संघटनेचा प्रतिनिधी असतो. दोघं मिळून समेट घडवायचा प्रयत्न करतात. समेट झाला तर लेखी करतात, नाही झाला तर तुमची तक्रार करायची वाट मोकळीच राहते. ग्राहक पंचायत आपल्याला परकी नाही. १९७५ साली सुरू झालेल्या या संस्थेच्या महिन्याच्या वाणसामानाच्या वाटपात मुंबईतल्या कितीतरी गृहिणींनी हातभार लावला आहे. डाळ-तांदूळ पारखायला शिकवणाऱ्यांनी घराचा करारही पारखायला मदत करावी, हे योग्यच.

लोकअदालतीत समेट झाला तर तो कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकाच पक्का असतो आणि चालू दाव्याची भरलेली कोर्ट फी परत मिळते. आणि एक गोष्ट फार थोड्या जणींना ठाऊक असते. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रीला सरकारी मोफत कायदेशीर मदत मिळते, तिचं उत्पन्न कितीही असो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात अर्ज करायचा. यजमानांच्या पगाराची चिठ्ठी कुणी मागत नाही.

वाद उभा राहिलाच तर

भाडं पहिल्यांदा थकलं की फोनवर रागावून थांबू नका. लेखी पत्र द्या, पोच घ्या. बँकेच्या पासबुकातली कोरी जागासुद्धा पुरावा असते. करार, ताब्याचं पत्र, भाड्याच्या पावत्या, सभेची इतिवृत्तं हे सगळं एका फाइलमध्ये, एखाद्या जुन्या साडीच्या खोक्यात का होईना, पण एका ठिकाणी ठेवा. ‘हा वाद लवादाकडे सोपवावा’ अशी रीतसर नोटीस विकासकाला पोचली की लवादाचं काम सुरू झालं असं कायदा मानतो. सर्वसाधारणपणे पैशाच्या वादाला तीन वर्षांची मुदत असते. ‘बघू, करू’ म्हणत ती निघून जाते.

घाई असेल, म्हणजे बिल्डर जागा तिसऱ्यालाच विकायला निघाला असेल, तर लवाद नेमला जाण्याआधीही कोर्टाकडून तातडीचा मनाई हुकूम मागता येतो. मात्र तो मिळाल्यावर ९० दिवसांच्या आत लवादाचं काम सुरू करावं लागतं.

शेवटचा इशारा. वाद उभा राहिल्यावर एखादं साधंसं पत्र तुमच्यापुढे येईल, ‘अमुक गृहस्थ लवाद म्हणून आम्हांला मान्य आहेत, त्यांच्याबद्दल आमची हरकत नाही.’ कायद्यानं अपात्र ठरलेला माणूसही अशा लेखी संमतीनं लवाद होऊ शकतो. पण ती संमती वाद निर्माण झाल्यानंतरचीच असली पाहिजे, आधीची चालत नाही. म्हणजे जुन्या पंचांना जे कळत होतं, तंट्याआधीची सही आणि तंट्यानंतरची सही यांतला फरक, तो आजच्या कायद्यानंही इथे मानला आहे. या संमतिपत्रावरची तुमची सही हाच तुमचा राजीनामा. तो गृहस्थ कोण, बिल्डरशी त्याचं नातं काय, हे कळल्याशिवाय तो देऊ नका.

आज दुपारी कामं आटपली की कपाटातला करार बाहेर काढा. अजून सही व्हायची असेल तर सेक्रेटरींकडून मसुदा मागवा. शेवटची पानं उलटा, ‘लवाद’ किंवा ‘आर्बिट्रेशन’ हा शब्द शोधा, त्याखाली पेन्सिलीनं रेघ मारा आणि वरचे पाच प्रश्न समासात लिहा. ज्याचं उत्तर सापडणार नाही ते येत्या सभेत उभं राहून विचारा. सेक्रेटरी म्हणतील, ‘वहिनी, हे सगळ्याच करारांत असतं.’ असू दे. राहायला आपल्यालाच जायचंय.